दात किडवणाऱ्या जिवाणूचे छोटे आरएनए

जिवाणू : स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केला. २००२ मध्ये त्याचा सुमारे २० लाख बेस-जोड्यांचा जीनोम वाचला गेला.

हल्ला : साखरेपासून चिकट ग्लुकान बनवून तो दातावर थर जमवतो आणि आम्ल सोडतो. पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते.

छोटे आरएनए : लांबी साधारण ५० ते ५०० न्यूक्लिओटाइड. बहुतेकांपासून प्रथिन बनत नाही. ते संदेशवाहक आरएनएला जोडले जाऊन प्रथिननिर्मिती रोखतात किंवा वाढवतात.

आशा : हा थर बनवण्यास मदत करणाऱ्या ‘विकआर’ जनुकाला आवर घालणारा छोटा आरएनए जिवाणूत वाढवला, तर चिकट थर घटतो, असे प्रयोगांत दिसले आहे. जिवाणू न मारता कीड रोखण्याची ही मोलाची दिशा आहे.