अर्जातलं बालपण

2024 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली होती. एका रात्री न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. ‘‘फुफी, मेडिकलच्या अर्जासाठी निबंध लिहिलाय. तो वाचल्यापासून अब्बा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. तुम्ही एकदा वाचाल का?’’

तिचे अब्बा आमचे चुलतभाऊ. आम्ही त्यांना भाई म्हणतो. 2008 साली ते बायकामुलांसह खेडहून अमेरिकेला गेले. भाची तेव्हा सहा वर्षांची होती. इथे हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक असलेले भाई तिथे गोदामात रात्रपाळी करू लागले. आता पोर डॉक्टरकीच्या दारात उभी होती आणि घरात अबोला होता.

मेडिकलला निबंध कशाला, असं आपल्याकडे कुणालाही वाटेल. आपली मुलं नीट देतात, 720 पैकी किती मिळाले त्यावर प्रवेश ठरतो. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा आणि मग अर्ज. तिथली बहुतेक मेडिकल कॉलेजं ‘एमकास’ हा एकच सामायिक अर्ज घेतात. डॉक्टर का व्हायचं आहे, हे त्यात 5300 अक्षरांत लिहायचं, मोकळ्या जागाही मोजून. शिवाय आयुष्यात काही अडचणींवर मात केली असेल तर त्यासाठी 1325 अक्षरांची वेगळी जागा असते. घरची स्थिती, पैसा, वस्ती, शिक्षण, धर्म, यांपैकी कशाहीबद्दल तिथे लिहिता येतं. हे उत्तर ऐच्छिक आहे. आईवडील किती शिकले, काय काम करतात, कुटुंबाने कधी सरकारी मदत घेतली का, हेही अर्ज विचारतो.

जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा निकष लावायला मनाई केली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने स्वतः लिहिलं आणि त्यातून त्याचा एखादा गुण दिसत असेल, तर कॉलेजांना त्याचा विचार करता येतो. त्यामुळे बाहेरून आलेल्या घरातल्या मुलांसाठी या निबंधाचं वजन वाढलं आहे. त्याबरोबर मोहही वाढला आहे.

भाचीच्या निबंधाची सुरुवात अशी होती, की ती एका मागास खेड्यातल्या मातीच्या झोपडीत जन्मली. आम्ही थबकलो. त्या घरात आमचं निम्मं बालपण गेलं आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे पडवी, मागे आंबा आणि फणस. श्रीमंती नव्हती, पण झोपडी तर नव्हतीच. विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘एका मैत्रिणीने सांगितलं, गरिबी दाखवली की वाचणारे हलतात.’’

दुसरी गोष्ट खालच्या परिच्छेदात होती. भाईंचं काम सुटलं तेव्हा घरात दोन वर्षं फूड स्टॅम्प, म्हणजे धान्यासाठी सरकारी मदत, घेतली जात होती. हे आम्हा नातेवाइकांना कुणालाच ठाऊक नव्हतं. भाईंचा राग दोन्ही गोष्टींवर होता. पण एक खोटी होती आणि एक खरी. त्यांना एकाच मापाने मोजता येत नव्हतं.

आम्ही भाचीला सांगितलं, ‘‘झोपडी काढ. अर्जाखाली सगळी माहिती खरी आहे म्हणून तू कबुली देणार आहेस. आणि ते घर तुझ्या आजोबांनी कष्टाने बांधलंय. दुसरी गोष्ट खरी आहे, पण ती तुझ्या एकटीची नाही. अब्बांची परवानगी घे. ते नको म्हणाले तर निबंधात लिहू नकोस. फॉर्ममध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र खरंच दे.’’

मग तिला विचारलं, डॉक्टर व्हावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग जे सांगितलं ते निबंधात कुठेच नव्हतं.

ती दहा वर्षांची असताना भाभीच्या छातीत गाठ आली. भाभीला इंग्रजी येत नव्हतं, भाई कामावर होते. दवाखान्यात दुभाषी कुणी दिला नाही. डॉक्टर बोलत गेले, पोर सांगत गेली. गाठ कॅन्सरची असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. पोरीने आईला सांगितलं, ‘‘साधी गाठ आहे, एक तपासणी करायचीय.’’ अहवाल येईपर्यंत तो शब्द तिने एकटीने सांभाळला. अल्हम्दुलिल्लाह, गाठ साधीच निघाली. आज तिथे नियम आहे, की आणीबाणीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचं काम करून घेऊ नये. 2016 मध्ये हा नियम आला. ही घटना त्याच्या चार वर्षं आधीची.

तिने निबंध नव्याने लिहिला. आईला न कळलेली गोष्ट, ती लपवल्याची बोच, पुढे कॉलेजात असताना तिने दवाखान्यात उर्दू आणि हिंदी बोलणाऱ्या रुग्णांसाठी केलेलं दुभाष्याचं काम, सगळं क्रमाने आलं. दयेची याचना कुठे नव्हती. वाचणाऱ्याला तिच्याविषयी जे कळायला हवं, ते तिच्या कामातून कळत होतं.

पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर तिने तो आपल्या बोलीत सर्वांना सांगितला. भाभी ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘त्या रात्री तू का जागी होतीस, ते आज कळलं गं.’’ मग कुणालाच काही बोलता आलं नाही.

ज्यांची मुलं परदेशात असे अर्ज भरत आहेत, त्या घरांना आमची विनंती आहे. मुलांना बसवून गावच्या, प्रवासाच्या, पहिल्या नोकरीच्या खऱ्या गोष्टी सांगा. आपण सांगितल्या नाहीत तर मुलं ऐकीव दुःखं उसनी घेतात. अडचणीच्या काळात हक्काची मदत घेतली असेल तर ती लपवण्यासारखी नाही. पण जगाला सांगायची की नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. आणि मुलांनो, प्रसंग एकच घ्या, पण स्वतः पाहिलेला घ्या.

दोन दिवसांनी भाईंचा फोन आला. म्हणाले, ‘‘फूड स्टॅम्पचं राहू दे म्हणालोय तिला. दुकानात कार्ड माझ्या हातात असायचं, पण कशावर चालतं आणि कशावर नाही, ते डब्यांवरचं वाचून हीच मला सांगायची. आठ वर्षांची होती. म्हटलं, तेही लिही.’’