शेंड्यावरची खार, पाचोळ्यातला सॅलमँडर

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ॲलेघेनी डोंगरांच्या माथ्यावर रेड स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची थंड, दमट जंगलं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची तीन-चार दशकं लाकूडतोडीनं ती जवळपास साफ झाली. त्यात दोन जीव संकटात सापडले : चीट माउंटन सॅलमँडर आणि व्हर्जिनिया नॉर्दर्न उडती खार.

सॅलमँडर दिसतो पालीसारखा, पण तो बेडकाच्या गोतातला उभयचर. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, काळ्या पाठीवर पितळी ठिपके. त्याला फुप्फुसं नसतात. तो ओल्या त्वचेतून श्वास घेतो. त्वचा वाळली की जीव गेलाच. म्हणून दिवस दगड-ओंडक्यांखाली काढायचा आणि ओलसर रात्रीच बाहेर पडायचं. अंडीही पाण्यात नाहीत, कुजक्या ओंडक्याखाली. मादी ती राखत बसते.

खारही निशाचर. पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून ती या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाते. जमिनीखालची बुरशीची फळं वास काढून उकरते आणि खाते. त्या बुरशीचे बीजाणू तिच्या विष्ठेतून जंगलभर पसरतात. हीच बुरशी स्प्रूसच्या मुळांशी जोडली जाऊन त्यांना पाणी आणि क्षार पुरवते. थोडक्यात, सॅलमँडरवर सावली धरणारी झाडं वाढवायला खारीचा हातभार लागतो.

दोघांनाही कायद्याचं संरक्षण मिळालं. खारीला 1985 मध्ये, सॅलमँडरला 1989 मध्ये. जंगल पुन्हा वाढू लागलं, शंभराहून अधिक ठिकाणी खार आढळली आणि न्यायालयीन वादानंतर 2013 मध्ये तिचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून वगळलं गेलं. सॅलमँडर मात्र यादीत कायम आहे. जंगलातला अरुंद रस्ता खार एका झेपेत ओलांडते. सॅलमँडरला तोच रस्ता म्हणजे उन्हानं तापलेली, कोरडी, पाचोळा नसलेली पट्टी. ती ओलांडणं त्याला जवळजवळ अशक्य. अलीकडचे-पलीकडचे सॅलमँडर मग कायमचे तुटतात.

त्यामुळे जंगल किती वाढलं हे नुसतं वरून पाहून ठरवता येत नाही. शेंडे जुळले की खारीचं भागतं. सॅलमँडरसाठी जमिनीवरची ओल, पडलेले ओंडके आणि सलग पाचोळाही राखावा लागतो. जंगलातून रस्ता आखताना हा दुसरा हिशेब आधी मांडला पाहिजे.