गटाची जुनी स्कूटर: पॉइंट ठेवायचा की सीडीआय बसवायची?

मागच्या मे महिन्यात आमच्या गटाची स्कूटर पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे येताना हायवेवर बंद पडली. चालवणारी ताई, मागे मावशी, पुढे पायाशी रिकाम्या पिशव्या आणि मावशींच्या कमरेला डाळ विकल्याचे पैसे. दिवस मावळतीला आलेला. टिपेश्वरचं जंगल जवळ, तिथे अंधारात थांबायची कुणाची छाती होत नाही. अर्ध्या तासाने इंजिन गार झालं आणि एका किकमध्ये गाडी सुरू! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आमची गाडी म्हणजे बजाजची जुनी चेतक. १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीत बनू लागलेली, एके काळी जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, तीच. आपल्या भागात अजून अशा पुष्कळ गाड्या अंगणात उभ्या आहेत. गटाने ती अंतर्गत कर्जातून घेतली, म्हणून तिच्यावरचा प्रत्येक रुपया बैठकीत विचारला जातो. आणि आम्ही पहिल्याच फटक्यात पैसे वाया घालवले, तेच आधी सांगतो.

गाडी तापली की बंद पडते, एवढंच आम्ही एका दुकानात सांगितलं. "ताई, पॉइंटची गाडी काहून ठेवता? सीडीआय टाका, झंझटच नाही," असं म्हणून त्यांनी एक काळी डबी हातात दिली. ती डबी आमच्या गाडीला लागलीच नाही. का लागली नाही, ते समजायला ठिणगी कशी पडते हे थोडं समजून घ्यावं लागेल.

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या वेळी प्लगला ठिणगी पडून ते पेटतं. चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर सेकंदाला ५० ठिणग्या. जुन्या गाडीत हे काम पॉइंट करतो. मॅग्नेटच्या, म्हणजे पंखे असलेल्या त्या जड चाकाच्या आत, दोन छोटी बटणं एकमेकांना टेकलेली असतात. ती उघडली की कॉइलमधून जोराचा करंट प्लगकडे जातो. शेजारी एक नळकांडं असतं, तो कंडेन्सर. बटणं उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडू नये, ती प्लगलाच जावी, हे तो सांभाळतो. कंडेन्सर कमजोर झाला तर गार असताना निभावतो आणि तापला की हात टेकतो. बटणं काळी पडतात, जळतात.

सीडीआयमध्ये बटणं नाहीत. मॅग्नेटच्या आत करंट बनवणारी वेगळी कॉइल असते, वेळ सांगणारी दुसरी कॉइल असते, आणि बाहेरची डबी करंट साठवून एकदम सोडते. म्हणजे डबी हा सगळ्यात शेवटचा भाग. आतल्या कॉइली आणि मॅग्नेट पॉइंटचेच असतील तर नुसती डबी काय करणार? बदलायचंच तर मॅग्नेट, आतली प्लेट, डबी, कॉइल असा पूर्ण संच लागतो. मॅग्नेट आपल्या क्रँकवर बसतो का ते बघावं लागतं. जुनी ६ व्होल्टची गाडी १२ वर गेली तर बल्ब आणि हॉर्नही बदलावे लागतात. हे कुणी आधी बोललंच नाही.

शेवटी एका वयस्कर मिस्त्री भाऊंनी पंख्याचं झाकण काढलं, मॅग्नेटच्या खिडकीतून बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "कंडेन्सर गेला हो." नवा कंडेन्सर चहा-नाश्त्याच्या पैशात आला. दुकानातली डबी अजून गटाच्या कपाटात आहे.

ही चूक आपल्याच खेड्यातली नाही बरं. फोक्सवॅगनची ती गोल पाठीची बीटल मोटार पाहिली असेल, सिनेमात तरी. तिचं इंजिनही हवेवरच गार होतं. तिला चार सिलिंडर, म्हणून एका कॉइलचा करंट चौघांना पाळीपाळीने वाटायला एक वाटप्या लागतो, त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. जुनी बीटल सांभाळणारे हौशी लोक कित्येक वर्षं एक स्वस्त डिस्ट्रिब्युटर बसवत आले, बॉशचा ००९ नंबरचा. तो फक्त इंजिनाच्या वेगावर ठिणगी अलीकडे घेतो. मूळच्या पुष्कळ डिस्ट्रिब्युटरना एक बारीक नळी असते, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच ठिणगीची वेळ बदलते. नळी नसलेला बसवला की गाडी सुरुवातीला अडखळते. वस्तू खराब नव्हती, त्या इंजिनाच्या कामाची नव्हती. आणखी एक गंमत: जुन्या बीटलमध्ये तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी मुद्दाम जरा उशिरा देत, कारण ऑईल गार करायची जाळी वाऱ्याच्या आड येई आणि तो सिलिंडर जास्त तापे.

म्हणजे हवेवर गार होणाऱ्या इंजिनात ठिणगीची वेळ आणि ताप यांचं नातं जवळचं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिनातून टकटक ऐकू येते, किक उलटी पायावर बसते, पिस्टन जळू शकतो. फार उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि तरीही तापते. म्हणून पॉइंट असो की सीडीआय, बसवल्यावर टायमिंग खुणेवर लावून घ्या. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सचे चार कागद एकावर एक ठेवावेत तेवढी. पंख्यावरचं पत्र्याचं झाकण "आवाज करतं" म्हणून काढून ठेवू नका. वारा सिलिंडरकडे तेच वळवतं. आणि मॅग्नेट पुलरनेच काढू द्या. हातोडी मारली की पंख्याची पाती तुटतात.

गाडी बंद पडली तर आधी प्लग काढा, टोपीत घाला, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा आणि दुसरीला किक मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी आली तर करंट ठीक आहे, दोष पेट्रोलमध्ये शोधा. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच तर करंटचा भाग. प्लग उघड्या हाताने धरायचा नाही, टोपीचं रबर धरायचं. सीडीआयला तर जोराचा झटका बसतो. पेट्रोल सांडलेलं असेल तिथे हे करू नका, प्लगच्या भोकातूनही पेट्रोलची वाफ येते, तोंड लांब ठेवा. फवारणीच्या पेट्रोल पंपाचं इंजिनही असंच तपासता येतं. त्यात बहुतेक पॉइंट नसतोच, कॉइल आणि चाक यांच्यातली फट मात्र बघावी.

मग आम्ही काय ठरवलं? बैठकीत दोन तट पडले. तरुण मुलींना सीडीआय हवी होती, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. घासणारी बटणं नाहीत, फट पुन्हा पुन्हा लावायला नको, ठिणगी दमदार. पण ती रस्त्यात गेली तर उघडून काही करता येत नाही, दुसरा भागच लागतो. पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून घरापर्यंत येता येतं. आमची गाडी आठवड्यातून दोनदा, तीही बाजारापुरती जाते. पॉइंट लावणारे मिस्त्री अजून पांढरकवड्यात आहेत, म्हणून आम्ही पॉइंटच ठेवला. तुमची गाडी रोज दूध किंवा भाजी घेऊन पळत असेल, आणि पूर्ण संच बसवून टायमिंग लावून देणारा माणूस असेल, तर खुशाल सीडीआय घ्या. जुना सुटा संच घेताना मिस्त्रीला सोबत न्या आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत गाडी चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आमच्या डिक्कीत आता एक प्लग, प्लगचा पाना, नवा पॉइंट, कंडेन्सर, स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा असतो. सगळं जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या पिशवीत. मागच्या महिन्यात मावशींनीच पॉइंट घासला, ताई बॅटरी धरून उभी होती.