घरातला रेडॉन आणि अंगणातली झाडे



घराभोवती ठरावीक झाडे लावली की जमिनीतला रेडॉन वायू ती शोषून घेतात, अशी एक समजूत आहे. ऐकायला बरी वाटते, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

दगडमातीत थोडे युरेनियम असतेच. त्यापासून रेडियम व रेडियमपासून रेडॉन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो. बंद खोलीत मात्र जमिनीच्या भेगांतून शिरून साठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे निरनिराळ्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दर 100 रोग्यांत 3 ते 14 जणांना तो रेडॉनमुळे होतो. निपाणीकडच्या आपल्या काळ्या पाषाणात युरेनियम कमी असते, ग्रॅनाइटात अधिक.

मग झाडांचे काय? चेर्नोबिलजवळच्या तळ्यात सूर्यफुले वाढवून पाण्यातली किरणोत्सारी द्रव्ये मुळांवाटे काढण्याचा प्रयोग 1990 नंतर झाला. पण रेडॉन हा कशाशीही सहसा न जुळणारा वायू. झाड त्याला धरून ठेवू शकत नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर येऊन तो पानांवाटे बाहेर पडतो. झाडे सावलीसाठी, फळांसाठी जरूर लावावीत, रेडॉनसाठी नव्हे.

रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो आणि मागे शिसे व पोलोनियम यांचे किरणोत्सारी कण ठेवतो. हे कण धरणारे एक पीक मात्र आपल्याच शिवारात आहे, ते म्हणजे तंबाखू. शेंडे खुडताना बोटांना चिकटा लागतो ना? पानावरच्या त्याच चिकट लवेवर हे कण बसतात. सिगारेटच्या धुरात पोलोनियम असल्याचे रॅडफर्ड व हंट या हार्वर्डच्या संशोधकांनी 1964 साली दाखवून दिले. धूम्रपान करणाऱ्यास रेडॉनचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे 25 पट असतो.

तेव्हा आम्ही सुचवतो ते एवढेच:

1. जमिनीच्या व भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात.
2. थंडीतही रोज समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवावा.
3. नवे घर बांधताना जोत्याखाली खडीचा थर देऊन तेथून एक नळी छपरावर काढावी.
4. घरात विडी-सिगारेट ओढू नये. सोडता आली तर फारच उत्तम.

पहिल्या दोन गोष्टींना खर्च फारसा नाही, आणि चौथीत तर पैसे वाचतात.