जैन पावभाजीत बटाटा का नसतो?

हॉटेलच्या मेनूकार्डावर 'जैन पावभाजी' असं वाचलंय ना? तिच्यात बटाटा नसतो, कांदा-लसूणही नसतो. बटाट्याऐवजी बहुतेक वेळा कच्ची केळी उकडून कुस्करतात. पण बटाट्याला नकार कशासाठी?

घरातला एक बटाटा हातात घ्या आणि नीट बघा. त्याच्यावर बारीक खळगे दिसतील, ते बटाट्याचे डोळे. डोळा असलेली फोड मातीत लावली की तिला कोंब फुटतो आणि नवं रोप उगवतं. एका बटाट्यात अशी कितीतरी रोपं दडलेली! अशा कंदांना जैन ग्रंथांत 'अनंतकाय' म्हणतात, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. शिवाय कंद उपटताना मातीतले किडेही मरतात. गंमत म्हणजे बटाटा दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे फार उशिरा आला. नियम त्याच्या कितीतरी आधीचा, आलं आणि सुरण यांच्यासारख्या कंदांसाठी केलेला. आणि ओलं आलं न खाणाऱ्या अनेक घरांत सुंठ मात्र चालते! वाळलेल्या आल्याला कोंब फुटत नाही ना.

हे सगळं येतं अहिंसेतून. अडीच हजार वर्षांपूर्वी आजच्या बिहारमध्ये भगवान महावीरांनी ती शिकवली. जैन परंपरेत ते चोविसावे तीर्थंकर, म्हणजे धर्माचा मार्ग दाखवणारे गुरू; पहिले ऋषभदेव. महावीरांचं निर्वाण दिवाळीत झालं असं मानतात, म्हणून जैन घरांतल्या दिवाळीत त्यांची आठवण असते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जैन विचारवंतांनी सजीवांचे गट पाडले, तेही इंद्रियं मोजून! झाडांना एकच इंद्रिय, स्पर्शाचं. माती, पाणी, अग्नी, वारा यांतही असेच एकेंद्रिय जीव आहेत, असं ते मानतात. अळ्या आणि शंखातल्या प्राण्याला स्पर्श आणि चव. मुंगीला त्याशिवाय वास. माशी नि भुंग्याला डोळेही. मासे, पक्षी, गाय आणि आपण पंचेंद्रिय, कारण आपल्याला ऐकूही येतं. आजचं विज्ञान असे गट पाडत नाही. भिंगातून बघा, बहुतेक मुंग्यांना डोळे दिसतील. पण 'या जिवाला काय काय जाणवत असेल?' हा प्रश्न इतक्या जुन्या काळी कुणी चिकाटीने विचारला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उत्तर सापडलं की वागणंही बदलतं. म्हणून पाणी जाड कापडाने गाळून प्यायचं, आणि कापडावर अडकलेले जीव, पाणी जिथून आणलं तिथेच, पुन्हा अलगद सोडायचे. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, कारण अंधारात ताटात पडलेला किडा दिसत नाही.

साधूंचे नियम तर आणखी कडक. ते अनवाणी चालतात. पावसाळ्यात जिकडे तिकडे किडे-अंकुर असतात, म्हणून चातुर्मासात गावोगाव फिरणं थांबवून एकाच ठिकाणी राहतात. दिगंबर पंथाच्या मुनींच्या हातात मोरपिसांची पिंछी असते. बसण्याआधी तिने जागा हळुवार झाडतात, म्हणजे तिथली मुंगी चिरडत नाही. श्वेतांबर पंथाच्या साधूंकडे याच कामासाठी लोकरीचा ओघा असतो. आणि पिंछीसाठी मोराला त्रास द्यावा लागत नाही: पावसाळा सरता सरता मोर आपली लांब पिसं स्वतःच गाळतो, तीच वेचून आणतात.