लस, मुलगा आणि मुलगी

गोवराची लस आपल्याकडे बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर टोचतात. त्याआधी ती फारशी लागू पडत नाही, कारण आईकडून बाळाच्या रक्तात आलेली प्रतिपिंडे लसीतील दुर्बल केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करून टाकतात. परंतु आफ्रिकेतील काही देशांत नऊ महिन्यांच्या आतच अनेक बाळे गोवराने दगावत. म्हणून लसीतील विषाणूंचे प्रमाण कित्येक पटींनी वाढवून ती सहाव्या महिन्यातच द्यावी, असा विचार पुढे आला. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा देशांसाठी तशी शिफारसही केली.

गोवराला या लसीने अटकाव केला. मात्र सेनेगल, गिनी-बिसाऊ आणि हैती येथील बालकांच्या पुढील नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. ही तीव्र लस घेतलेल्या मुली, साधी लस घेतलेल्या मुलींपेक्षा अधिक संख्येने मृत्यू पावल्या होत्या. आणि त्याही गोवराने नव्हे, तर अन्य आजारांनी. मुलग्यांत असा फरक आढळला नाही. हा भेद निदर्शनास आणणाऱ्यांत गिनी-बिसाऊमध्ये दीर्घकाळ काम केलेले डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ पीटर आबी हे एक होत. मुलामुलींची एकत्र बेरीज करूनच कोणी थांबले असते, तर ही गोष्ट सहज निसटली असती. १९९२ साली ती शिफारस मागे घेण्यात आली. कारणांविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. नऊ महिन्यांनंतर दिली जाणारी नेहमीची लस मात्र वेगळी. ती मुलींनाही तितकीच आवश्यक आहे, हे येथे स्पष्ट केलेच पाहिजे.

स्त्रीचे शरीर लसीला सामान्यतः अधिक जोमाने प्रतिसाद देते. रोगप्रतिकारशक्तीशी निगडित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि स्त्रीजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात, पुरुषाजवळ एकच. शिवाय इस्ट्रोजेन हे संप्रेरक प्रतिपिंडांच्या निर्मितीस साहाय्य करते, तर टेस्टोस्टेरॉन तिला आवर घालते. अमेरिकेत २००४ साली इन्फ्लुएन्झाच्या लसीचा तुटवडा पडला असता निरोगी प्रौढांना अर्धी मात्रा देऊन पाहण्यात आले. अर्धी मात्रा घेतलेल्या स्त्रियांची प्रतिपिंडे पूर्ण मात्रा घेतलेल्या पुरुषांच्या जवळपास भरली!

या जोमाची किंमतही असते. लस घेतल्यावर ताप येणे, दंड दुखणे, अंग मोडून येणे या तक्रारी स्त्रियांत अधिक आढळतात. त्यांना नाजूकपणा म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत जुनी आहे. वस्तुतः त्यामागे शरीराचीच घडण आहे. तरीही बहुतेक लसींची मात्रा स्त्रीपुरुषांसाठी आजही एकच ठरवलेली असते.