विश्लेषण : पवित्रा बदलणे मार्व्हिन हॅग्लरला का महागात पडले?

टेरेन्स क्रॉफर्डमुळे रिंगमध्ये डावा-उजवा पवित्रा बदलण्याच्या कौशल्याची आज चर्चा होते. पण ही कला जुनी आहे. त्यात तरबेज असलेल्या मार्व्हिन हॅग्लरला १९८७ मध्ये तिची मोठी किंमत मोजावी लागली.

पवित्रा बदलणे म्हणजे काय?

उजव्या हाताचा बॉक्सर सहसा डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो. हा ‘ऑर्थोडॉक्स’ पवित्रा. पुढच्या हाताने जॅब मारत अंतर राखायचे आणि मागच्या हाताने जोरदार ठोसा लगवायचा. ‘साउथपॉ’ पवित्र्यात हे सगळे उलटे. बहुतेक बॉक्सर आयुष्यभर एकच पवित्रा घोटतात. दोन्ही जमणाऱ्याला ‘स्विच हिटर’ म्हणतात.

फायदा आणि धोका काय?

पवित्रा बदलताच ठोशांची दिशा बदलते आणि प्रतिस्पर्ध्याला बचावाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. मात्र चुकीच्या वेळी बदल केला, तर स्वतःचे सर्वांत धारदार शस्त्रच म्यान होते.

१९८७ मध्ये काय घडले?

हॅग्लर १९८० पासून मिडलवेट जगज्जेता होता. त्याने १२ वेळा किताब राखला होता आणि त्याचा मुख्य पवित्रा साउथपॉ होता. ६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगासमध्ये त्याच्यासमोर शुगर रे लिओनार्ड होता, तोही जवळपास तीन वर्षांनी रिंगमध्ये उतरलेला. हॅग्लरने पहिल्या दोन फेऱ्या ऑर्थोडॉक्स पवित्र्यात खेळल्या. तिन्ही पंचांनी त्या दोन्ही लिओनार्डला दिल्या. तिसऱ्या फेरीत हॅग्लर साउथपॉकडे वळला.

निकालाचे गणित काय सांगते?

१२ फेऱ्यांनंतर एका पंचाने लिओनार्डला ११८-११०, दुसऱ्याने हॅग्लरला ११५-११३ आणि तिसऱ्याने लिओनार्डला ११५-११३ असे गुण दिले. फेरी जिंकणाऱ्याला सहसा १० आणि हरणाऱ्याला ९ गुण मिळतात. म्हणजे बाकी सारे तसेच राहून तिसऱ्या पंचाने पहिल्या दोनपैकी एक फेरी हॅग्लरला दिली असती, तर त्याचे गुण ११४-११४ झाले असते. लढत बरोबरीत सुटून किताब हॅग्लरकडेच राहिला असता. दोन्ही फेऱ्या मिळाल्या असत्या, तर तो जिंकलाच असता.

पुढे काय झाले?

आपणच जिंकलो, असे हॅग्लर अखेरपर्यंत म्हणत राहिला. २०२१ मध्ये त्याचे निधन झाले. लिओनार्डविरुद्धची ती लढत त्याच्या कारकिर्दीतील शेवटची ठरली.